भाव आणि फरक

जळगाव, २२ मे २०२५

शेहजाद,

'सनविवि' लिहायला बसलो होतो, पण आपल्यात नमस्कार-चमत्कार कधी नव्हते, ते आता पंचेचाळिशीत कुठून आणू? म्हणून नुसतं नाव लिहिलं. चार वर्षं तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, तेव्हा पोस्टानं लिहितोय. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, साधं की रजिस्टर? म्हटलं साधंच. रजिस्टर घेतलं नाहीस तर परत येऊन माझ्या टेबलावर पडेल. साधं परत आलं नाही की पोचलं असं समजता येतं.

फिफ्टी-सिक्स्टी आलं. नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं की त्याच दिवशी दुकानातल्या बोर्डावर लिहायचं, हा तुझाच नियम. भागी सोडून धुळ्याला गेलास तेव्हा बोर्ड इथेच ठेवून गेलास, म्हणून मी अजून लिहितो. डावीकडे भाव, उजवीकडे फरक. आमच्या रावेरकडे केळीचा भाव लावतात तसाच. पॉलिटेक्निकला असताना पहिल्यांदा घरी आला होतास आणि बाजार समितीच्या बोर्डासमोर उभा राहून म्हणाला होतास, "भावना बाजूले फरक बी लिखेल शे! आम्हनाकडे त माणसं फरक लपाडतस." तिथून ही पद्धत आपण दुकानात आणली. भाव म्हणजे कंपनीनं पहिल्या दिवशी जाहीर केलेला. फरक म्हणजे मागच्या पिढीच्या कार्डापेक्षा शंभरात किती जास्त काम करतं तो.

बोर्ड मी पुसलेला नाही. टेन-सिक्स्टी, भाव सव्वीस हजार, फरक नव्वद. ट्वेंटी-सिक्स्टी, साडेएकतीस, फरक पन्नास. थर्टी-सिक्स्टी, साडेएकोणतीस, फरक वीस. फोर्टी-सिक्स्टी, तीस, फरक अठरा. परवा खाली लिहिलं, फिफ्टी-सिक्स्टी, एकतीसच्या आसपास, फरक बावीस. शेवटचे दोन्ही फरक मी एकट्यानं काढले आहेत, चुकले असतील. गिऱ्हाईक म्हणतं, काका, नऊ वर्षांत भाव जागच्या जागी आहे, मग लोक महाग महाग म्हणून का ओरडतात? मी म्हणतो, बाबा रे, उजवीकडचा आकडा बघ. पूर्वी तेवढ्याच पैशात दुप्पट मिळायचं, आता चिमूटभर मिळतं. आणि आमच्या जळगावात तर डावीकडचा भाव कागदावरच राहतो.

आता मुद्द्याचं. २५ फेब्रुवारी २०२१ ला थर्टी-सिक्स्टी आलं, त्या सकाळी तुझा फोन आला. तुझ्या अब्बांना, गनीचाचांना, अर्धांग होऊन सहा महिने झाले होते आणि त्यांचे आठही माग भंगारात गेले होते. तुझी तहरीम त्यातला एक माग संगणकावर पुन्हा उभा करत होती, दोन मिनिटांची फिल्म, तिच्या दादांना, आजोबांना, दाखवायला. तुमच्याकडचं जुनं नाईन-सिक्स्टी त्या कामाला धापा टाकत होतं. एक कार्ड ठेव म्हणालास. मी म्हणालो, "बोर्डभावानं देईन." हेच माझे शब्द, एकही इकडचा तिकडे नाही.

आता तू सांग, आमच्या घरात बोर्डभाव म्हणजे काय? माल कापायच्या दिवशीचा भाव. व्यापारी शब्द आज देतो, घड पंधरा दिवसांनी कापतो, आणि भाव कापणीच्या दिवसाचा लागतो. त्यात कुणाला फसवणूक वाटत नाही. तू धरलास शब्द दिला त्या दिवसाचा भाव. मार्चमध्ये कार्डं राबवून आभासी नाणी काढणाऱ्यांनी देशभरातली कार्डं उचलली होती आणि साडेएकोणतीसचं कार्ड पासष्ट-सत्तर हजारांना जात होतं. त्याला मी काय करणार? तुझ्या बोलीत एक अर्थ, माझ्या बोलीत दुसरा. एवढ्या गैरसमजापायी माणूस इतक्या वर्षांची दोस्ती मोडतो? एक फोटो पाठवलास आणि नंबर बंद. एखादी शिवी तरी हासडायची होतीस.

गनीचाचा गेल्याचं तेव्हा कळलं होतं. कोरोनाची जिल्हाबंदी होती, येता आलं नाही.

भूपेंद्र

जळगाव, १८ जून २०२५

शेहजाद,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलास. हा तुझा जुना खोडसाळपणा आहे. हॉस्टेलला असताना मी रागावलो की तू सोल्डरिंगची सुई हातात घेऊन बसायचास, जणू मी भिंतीशी बोलतोय.

तुझ्या वहिनीनं, मोहिनीनं, मागच्या पत्राची कच्ची प्रत वाचली. टेबलावर ठेवायला नको होती. मला वाटलं म्हणेल, छान लिहिलंत. ती म्हणाली, "बोर्डभावाचं सगळं आलं यात. शेहजादभाऊंना तुम्ही फोनवर 'माल आलाच नाही' म्हणून सांगितलं होतं, ते कुठे आहे?"

ते नाही लिहिलं. बरं, लिहितो. तू मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सहा वेळा फोन केलास आणि सहाही वेळा मी म्हणालो, माल आला नाही. पहिल्या चार वेळा ते खरं होतं.

पुढचं ऐकायच्या आधी त्या वेळचं दुकान डोळ्यांपुढे आण. त्याआधीचं वर्षभर लॉकडाऊननं सगळं बंद. दुकानमालक उखर्डूनाना दर आठवड्याला शटरवर काठी आपटून जायचे. गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या पोरांसाठी हेडफोन घेणारे. अशात तो चोपड्याचा योगराज आला. बापाची केळी आणि कापूस सोडून त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये नाणी काढायची मशिनं बसवली होती. सात कार्डं त्याच्याकडे झाली होती, आठवं हवं होतं. मी म्हणालो, नाही. तो काउंटरच्या आत आला, आपण हो-ना करेपर्यंत आत येणारा माणूस तो. कपाटात त्याला डबा दिसला. डब्यावर काळ्या मार्करनं मी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, 'शे'.

तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. आपण दोघं भागीत होतो तेव्हापासूनची खूण, तुझ्यासाठी बाजूला काढलेल्या मालावर 'शे'. आणि त्याच्याही आधीची पॉलिटेक्निकची हजेरी. सर 'शेहजाद गनी' म्हणायचे आणि 'हजर' म्हणायच्या जागी तू मागच्या बाकावरून ओरडायचास, "शे, सर!" सगळा वर्ग हसायचा. आमच्या पूर्वेकडच्या पोरांना तुमचा 'शे', म्हणजे आमचा 'आहे', आधीच गमतीचा वाटायचा, त्यात तो तुझ्या नावातच निघाला.

योगराजनं डबा उचलला आणि मोठ्यानं वाचलं. "भाऊ, डबावर त 'शे' लिखेल शे, अन तू म्हनस नही शे?" आणि असा हसला की मलाही हसू आलं. त्या हसण्यात त्यानं पैसे काउंटरवर ठेवले. अडुसष्ट हजार. मी काय त्याच्याशी मारामारी करणार होतो? भाडं थकलेलं होतं, शेहजाद. तुझं दुकान घरातच आहे, तुला भाडं काय असतं ते ठाऊक नाही.

त्यानं शेडचा फोटो कार्डं घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटावर टाकला, आठ डबे एकावर एक रचलेले, आणि सगळ्यांत वर माझ्या अक्षरातला 'शे'. तो फोटो तू मला पाठवलास. खाली एक अक्षर लिहिलं नाहीस.

झालं समाधान? आता तरी लिही.

भूपेंद्र

जळगाव, १० जुलै २०२५

शेहजाद,

मी काल धुळ्याला येऊन गेलो. तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल, म्हणून मीच सांगतो.

सकाळच्या बसनं निघालो. एरंडोलला चहा घेतला तेव्हा तुला काय म्हणायचं ते पाठ होतं. पारोळा गेलं तेव्हा निम्मं विसरलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा समोर तू दिसलास. ओट्यावरच्या टेबलाशी बसला होतास, डोळ्याला भिंग, हातात सुई, दाढी पार पांढरी. पंखा तुझ्याकडे नव्हता, उघड्या पडलेल्या मदरबोर्डाकडे होता. वीस पावलं होती फार तर. मी चाळीस पावलं मागे गेलो.

ऊन टळटळीत होतं. कोपऱ्यावर फॉर्म भरून देणारं झेरॉक्सचं दुकान दिसलं, तिथे सावलीला शिरलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून खिशातलं आधार कार्ड काढलं आणि झेरॉक्स मागितली. काउंटरवरच्या मुलीनं ते हातात घेतलं, नाव वाचलं आणि वर बघितलं.

"चाचा? भूपेंद्र चाचा ना?"

तहरीम होती. मी शेवटची पाहिली तेव्हा अठराची होती. मला ओळखायला आली नाही आणि तिनं मला कागदावरून ओळखलं. तिनं पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं, झेरॉक्सचे दोन रुपये घेईना. मागे पाच-सहा बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या होत्या, त्यांना म्हणाली, "दोन मिनिटं थांबा मावशी, आमचे घरचे आलेत."

घरचे, म्हणाली.

मग पहिला प्रश्न तुझ्या पोरीला शोभेल असा. "चाचा, फिफ्टी-सिक्स्टीचा फरक किती काढलात?"

मी म्हणालो, बावीस.

"मी एकवीस काढला. वाचून वाचून काढते, घरी कार्ड कुठंय." आणि बायकांचे फॉर्म टाइप करता करता, नजर न उचलता, ती मला सगळ्या पिढ्यांचे भाव सांगत गेली. कोणत्या वर्षी कितीला जाहीर झालं, कितीला मिळालं, कधी उतरलं. मी बोर्डावर बघून सांगतो, तिला पाठ आहेत. भाविक माणसानं श्लोक म्हणावेत तशी म्हणत होती. मग म्हणाली, "माझी फिल्म नाईन-सिक्स्टीवर एका चित्राला अकरा मिनिटं घ्यायची. दोन हजार आठशे ऐंशी चित्रं. आता मिनिटभरात एक निघेल."

"मग पूर्ण का नाही करत बेटा?"

"कोणासाठी करू?" रागानं नाही रे, साधंच विचारलं. "एक एप्रिलला लावली होती. लाईट जायची, पुन्हा लावायची. सव्वीस एप्रिलला कार्डच जळालं. अकराशे चाळीस चित्रं झाली होती. त्यात मागाचा धोटा धागा घेऊन एका बाजूनं निघतो आणि अर्ध्यात थांबतो. दादा रोज विचारायचे, 'तहरीम, माग चालू हुआ क्या?' मी म्हणायचे, 'कल होगा दादा.' त्यांचा उजवा हात तेवढा चालायचा. चादरीवर तुटलेला धागा जोडत बसायचे."

मी पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला.

आणि मग ती म्हणाली, "अब्बा म्हणाले होते, चाचाकडे माल आलाच नाही, त्यांचा काय कसूर. म्हणाले, तुझ्यासाठी त्यानं पुण्या-मुंबईपर्यंत शोधलं. खूप शोधलंत ना चाचा तुम्ही?"

शेहजाद, तू फोटो बघून झाल्यावर तिला हे सांगितलंस. डब्यावरचं स्वतःचं नाव बघून झाल्यावर. चार वर्षं मी इथे बसून तुला कोडगा म्हणतोय आणि तू तिकडे तुझ्या पोरीच्या मनात मला धुऊन-पुसून ठेवलंस.

मी मान हलवली. हो म्हणालो. पुण्या-मुंबईपर्यंत शोधलं म्हणालो.

ती हसली आणि झेरॉक्स हातात दिली. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारे आबा होते, त्यांनी विचारलं, घरात काही वाईट झालं का? मी हो म्हणालो.

आता जे लिहितोय ते एसी बंद करून लिहितोय. का ते पुढे कळेल.

माल ९ मार्चला आला. एकच कार्ड आलं. डबा हातात आला तसा मी मार्कर काढला आणि 'शे' लिहिलं, त्या क्षणी माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, एवढं मान. तुला फोन लावायला मोबाइल घेतला आणि आधी बाजारात कितीला चाललंय ते बघितलं. तिथे चूक झाली. चूक कसली, तिथे मी ठरवलं. संध्याकाळी तुझा फोन आला, मी म्हणालो, माल आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा तेच. योगराज काही आपणहून टपकला नाही. ११ तारखेला मीच त्याला बोलावलं. कपाटाचं दार मीच उघडं ठेवलं होतं. तो 'शे' वाचून हसला, हे खरं. मी हसलो, हेही खरं.

भाडं थकलेलं नव्हतं. उखर्डूनाना काठी आपटायचे, पण मोहिनीच्या भिशीतून फेब्रुवारीतच दिलं होतं. वरच्या साडेअडतीस हजारांत मी दुकानाला एसी बसवला. एप्रिलात. तुमच्याकडे गनीचाचा पत्र्याखाली पडून चादरीवर धागे जोडत होते तेव्हा.

आणि जिल्हाबंदीचं. मौतीला जायचा पास मिळत होता. मी अर्जच केला नाही. तुझं तोंड बघायचं नव्हतं.

बोर्डभावाचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आपल्या दुकानात बोर्ड एकच होता, आणि त्यावर डावीकडे साडेएकोणतीस मीच लिहिलं होतं, तुझा फोन कानाला असताना. केळीचा कायदा मी नंतर शोधून काढला, स्वतःला सांगायला.

फरक काढायला मला तूच शिकवलंस, म्हणून काल बसमध्ये काढला. ९ मार्चला आलं, १० ला तुझ्या हातात. थर्टी-सिक्स्टीवर एका चित्राला दोन मिनिटं, म्हणजे सगळी फिल्म चार दिवसांत. १४ मार्चला माग चालू. गनीचाचा ९ मेला गेले. छपन्न दिवस. छपन्न दिवस ते रोज बघू शकले असते.

भूपेंद्र

जळगाव, २ ऑगस्ट २०२५

शेहजाद,

सोबत पार्सल आहे. फेकून देण्याआधी एवढं वाच.

२०२२ च्या सप्टेंबरात त्या नाण्यांचा बाजार बसला, तुला माहीत आहे. दिवाळीच्या आधी योगराज केळीच्या खोक्यात आठही कार्डं भरून माझ्या दारात आला. डोळे खोल गेलेले, बापाशी बोलणं बंद. "कितलाले बी ले भाऊ," म्हणाला. मी एकच घेतलं, तेरा हजारांना. 'शे' लिहिलेला डबा त्यानं फेकला नव्हता. कार्ड त्याच डब्यात होतं.

तेव्हापासून ते त्याच कपाटात आहे. पोळलेलं कार्ड, दीड वर्ष दिवस-रात्र राबवलेलं, पण मी उघडून साफ केलं, पंखे बदलले, पेस्ट नवी लावली, दोन दिवस चालवून बघितलं. चालतं. गिऱ्हाइकांनी कितीदा मागितलं, मी दिलं नाही. तुला पाठवावं असं मनात यायचं आणि मग वाटायचं, डबा बघितल्यावर सगळंच कबूल केल्यासारखं होईल. म्हणून तीन वर्षं तेही राहिलं.

या खेपेला मी नवीन फिफ्टी-सिक्स्टी पाठवणार होतो. डबासुद्धा बांधला होता. मोहिनी म्हणाली, "नवीन देऊन तुम्ही मोठे होणार. त्यांचं जे होतं ते द्या." बायकोपुढे मी सहसा हार मानत नाही, पण या वेळी बांधलेला डबा सोडला.

म्हणून हे पाठवतोय. बाजारात आज याचे दहा-बारा हजारही कुणी देणार नाही, तेव्हा पैशाचा विषय काढू नकोस. 'शे' तसाच ठेवला आहे. त्याच्या खाली त्याच जातीच्या मार्करनं मी एक ओळ वाढवली: '९ मार्च २०२१ ला आलं होतं. भूपेंद्र.' तहरीम डबा उघडण्याआधी वाचेलच. तू तिला चार वर्षं जे सांगितलंस ते मोडतोय, त्याबद्दल मला माफ कर किंवा करू नकोस. पण झेरॉक्सच्या दुकानात हलवलेली मान मला परत घ्यायची आहे आणि दुसरा रस्ता मला सुचत नाही.

तिनं फिल्म पूर्ण करावी असं मी म्हणत नाही. तेवढा हक्क माझा नाही. बघणारा माणूस गेला, हे मलाही कळतं. फक्त तिच्याकडे कार्ड नाही म्हणून राहिली असं आता होऊ नये.

तुझी आठवण येते रे. दुकानात काही नवीन आलं की अजून तुझ्या खुर्चीकडे बघून बोलतो, आणि खुर्चीवर कीबोर्डांचे खोके ठेवलेले असतात.

भूपेंद्र

जळगाव, १३ ऑगस्ट २०२५

शेहजाद,

काल सकाळी दहा चाळीसला मोबाइल वाजला. मी गिऱ्हाइकाच्या संगणकाचे स्क्रू काढत होतो. बघितलं तर तुझं नाव. चार वर्षांनी माझ्या मोबाइलवर तुझं नाव आलं आणि माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडलेला नाही.

फोन नव्हता. पैसे जमा झाल्याचा निरोप होता. एकोणतीस हजार पाचशे. खाली टीप लिहायच्या जागेत एक शब्द, 'बोर्डभाव'.

त्याच्या पुढे-मागे काही असेल म्हणून मी सगळं उलटंपालटं करून बघितलं. नव्हतं. मी लगेच तुला फोन लावला. नंबर अजून बंदच आहे.

पहिल्यांदा राग आला, ते लपवत नाही. दहा हजारांच्या जुन्या कार्डाला साडेएकोणतीस देतोस? मला भिकारी समजतोस का दुकानदार? पैसे परत पाठवायला बोट ठेवलं होतं. मोहिनीनं मोबाइल काढून घेतला. म्हणाली, "चार वर्षांपूर्वी त्यांनी कार्ड विकत मागितलं होतं, फुकट नव्हतं मागितलं. त्यांना त्यांचं घेऊ द्या."

मग बसलो तुझ्या खुर्चीवर, खोके खाली ठेवून. संध्याकाळपर्यंत दुकानात तीन गिऱ्हाइकं आली, मी तिघांनाही उद्या या म्हणालो. तुझा शब्द मला कळला. जो भाव मी दिला होता तो तू धरून ठेवलास, मी सोडला तरी. त्या दिवशी जे झालं असतं ते तू माझ्याकडून करवून घेतलंस आणि पुढे काही ठेवलं नाहीस, देणं नाही आणि घेणंही नाही. तू शिवी दिली असतीस तर मी धुळ्याला धावत आलो असतो. आता यायला काही कारणच ठेवलं नाहीस.

माग चालू झाला का, हे विचारायला हात शिवशिवतोय. विचारत नाही.

आपल्या दुकानातून बिलाशिवाय माल कधी गेला नाही, म्हणून बिल सोबत जोडलं आहे. नाव तुझं, शेहजाद गनी, धुळे. ग्राफिक्स कार्ड, थर्टी-सिक्स्टी, एक नग. भाव एकोणतीस हजार पाचशे, पूर्ण मिळाले. सगळं त्या दिवशीसारखं भरलं आणि तारखेच्या जागी २५ फेब्रुवारी २०२१ घातली, तर संगणक ती घेईना. तीन वेळा घालून बघितली. बिलावर तारीख आजचीच पडली आहे, तेवढं समजून घे.

भूपेंद्र